तळघरातल्या चादरी

इस्पितळाला चार मजले होते आणि त्यांच्या पोटाखाली एक तळघर. त्या तळघरातल्या धुलाईखान्यात मावशी सव्वीस वर्षं कामाला होती. मावशी कुणाची, असं विचारायची सोय नव्हती. नर्सेसची, डॉक्टरांची, झाडूवाल्यांची, तिला कधी न पाहिलेल्या पेशंटांचीही ती मावशीच. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

वरच्या प्रत्येक मजल्यावर भिंतीत एक लोखंडी झडप होती. ती उघडून मळक्या चादरींचं गाठोडं आत सोडलं की ते पन्हळीतून गडगडत खाली येई आणि मावशीच्या पुढ्यात पडे. कोरडं गाठोडं हळूच बसल्यासारखं पडे, ओलं असलं की थाडकन. त्या आवाजावरूनच तिला कळे, आज वर काय चाललंय.

गाठोडं सोडायचं आणि चादरी निवडायच्या. रक्ताच्या एकीकडे, घाणीच्या दुसरीकडे, नुसत्या घामाच्या तिसरीकडे. रक्ताला आधी थंड पाणी. गरम पाणी लागलं की तो डाग जन्माचा चिकटला. मग सोडा, मग उकळतं पाणी, पिळणं, गच्चीवर वाळत घालणं, इस्त्री, घडी. घडी होऊन वर गेलेली चादर दुसऱ्या दिवशी मळून पुन्हा खाली हजर. सुताराने टेबल केलं तर ते टेबल राहतं. मावशीने सव्वीस वर्षांत जे केलं त्यातलं बोट दाखवून 'हे माझं' म्हणावं असं काहीच कुठे नव्हतं.

पूर्वी याचं तिला काही वाटत नसे. हल्ली वाटायला लागलं होतं. सत्तावन्नावं संपत आलेलं. गुडघे जिना चढताना कुरकुर करत, सोड्याने बोटांची टोकं उललेली, आणि सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा तो एवढाच, की आज परत तेच.

धुलाईखान्यात तिच्याबरोबर दोघं होती. एक बॉयलरवाला. बॉयलरच्या आवाजाने त्याचे कान गेलेले, त्यामुळे तो साधं 'चहा आणू का?' विचारायचा तेसुद्धा भांडल्यासारखं. दुसरी धाकटी. ती इस्त्री आणि घड्या करायची, आणि तिचं तोंड हातापेक्षा भराभर चालायचं. एरवी तिघांत काम उरकायचं.

एरवी, म्हणजे पिळायचं यंत्र बंद पडण्याआधी.

यंत्र बंद पडायला मुहूर्त मिळाला तोही असा, की गावात पोटाची साथ आली त्याच आठवड्यात. वरच्या वॉर्डांत खाटा पुरेनात, दोन खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या पडल्या. एकेका पेशंटची चादर दिवसातून पाच-सहा वेळा बदलावी लागे. पन्हळीचा गडगडाट थांबेना. साहेबांनी सांगितलं, यंत्राचा भाग मागवलाय, दहा दिवस लागतील. तोवर काय करायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मावशीनेही विचारलं नाही. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची आणि विरुद्ध दिशांना पीळ देत जायचं. पहिल्या दिवशी धाकटी हसत होती. तिसऱ्या दिवशी ती गप्प झाली, तेव्हा बॉयलरवालासुद्धा काळजीत पडला. "हिला काय झालं?" तो ओरडला. "हिचा आवाज का येत नाही?"

"तुला कधी येतो?" धाकटी म्हणाली. ते त्याला ऐकू गेलं नाही.

मावशीचा भाऊ गावातल्या चर्चच्या मंडळीचा पाळक होता. तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, वडील त्याआधीच गेलेले. मावशीने इस्पितळातली नोकरी धरली ती त्याच्या शिक्षणासाठी. पुढे तो देवाच्या सेवेचं शिकायला गेला, पाळक झाला, त्याचं लग्न झालं, आणि मावशीचं लग्न या सगळ्यात राहूनच गेलं. त्याचं तिला दुःख नव्हतं. घरातल्या एकाने तरी देवाला वाहून घेतलं, आपण खाली राहून त्याला वर चढवलं, असा तिने मनाशी हिशेब लावून टाकला होता. चर्चमध्ये लोक तिला 'पाळकांची बहीण' म्हणत. ती तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसे आणि हात मांडीवरच्या पिशवीखाली ठेवी. उललेली बोटं कुणाला दिसू नयेत म्हणून.

त्या मंडळीत तिच्याकडे एकच काम होतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटायच्या विधीच्या, मेजावर अंथरायचा पांढरा कपडा महिन्यातून एकदा ती घरी नेऊन धुऊन, इस्त्री करून आणायची.

साथीच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, ती कामावरून बाहेर पडली तर फाटकापाशी मंडळीचे चिटणीस उभे. नीटनेटका माणूस. त्यांच्या छत्रीलासुद्धा इस्त्री केलेली असावी असं वाटायचं.

"बाई, दोन रविवार तुम्ही उपासनेला नाहीत," ते म्हणाले.

"काम फार आहे हो. साथ आहे ना."

"ते झालंच. पण येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. मेजावरचा कपडा तुमच्याकडे आहे म्हणून आठवण द्यायला आलो." जाता जाता ते वळले. "रागावू नका, बाई. पण देवाचं काम आधी, मग बाकीची कामं. नाही का?"

"हो," मावशी म्हणाली. वाद घालायला अंगात त्राण लागतं. घरी येऊन ती खुर्चीवर बसली. कपडा समोरच खुंटीवर पिशवीत होता, महिन्याभरापूर्वी सांडलेल्या द्राक्षरसाच्या डागासकट. उठून बादलीत भिजवायचा म्हणजे दहा पावलं. ती दहा पावलं तिच्याने झाली नाहीत. चपला पायातच राहिल्या आणि तिचा डोळा लागला.

शुक्रवारी तेच. शनिवारी सकाळी तिने ती पिशवी उचलून बरोबर कामावर आणली, दुपारी जमलं तर बघू म्हणून. दुपारी जमलं नाही. दुपारी वरून एकापाठोपाठ अकरा गाठोडी आली, सगळी थाडकन.

तीनच्या सुमाराला तळघराच्या जिन्यावर बुटांचा आवाज आला. साहेब असतील म्हणून तिने मान वर केली नाही.

"ताई."

पाळक होता. काळा कोट, हातात टोपी. सव्वीस वर्षांत तो वरच्या मजल्यांवर कितीदा तरी आला होता; खाली कधीच नाही. वाफेने त्याचा चष्मा धुरकटला. तो काढून त्याने पुसला, घातला, परत धुरकटला.

"घरी गेलो होतो," तो म्हणाला. "कुलूप होतं. तो कपडा..."

"पिशवीत आहे. तिथे खिळ्याला. धुतलेला नाही, बाबू." बाबू हे त्याचं घरातलं नाव, मंडळीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. "सांग तुझ्या चिटणीसांना, पाळकांच्या बहिणीने देवाचं काम मागे ठेवलं म्हणून."

तो टाक्यांकडे बघत होता. धाकटी आणि मावशी एक चादर पिळत होत्या. धाकटीच्या तळहाताला चिंध्या गुंडाळलेल्या. दोघी एकमेकींकडे न बघता, पावलांच्या अंदाजाने मागे सरकत होत्या. पाणी खाली पडत होतं आणि त्यांच्या पायांतून वाहत मोरीकडे जात होतं. आणि तो वास. पाळक वॉर्डांत पेशंटांना भेटायला यायचा, वास त्याला नवा नव्हता; पण वर तो फिनेलमध्ये मिसळून येई. इथे तो एकटाच होता.

"हे रोज असतं?" त्याने विचारलं.

"रोज यंत्र पिळतं. सध्या आम्हीच यंत्र." मावशी म्हणाली. "सरक जरा, तू पाण्यात उभा आहेस."

तो सरकला. मग त्याने कोट काढला, कुठे टांगावा ते बघितलं आणि पिशवीच्याच खिळ्याला टांगला. बाह्या वर केल्या.

"काय करतोस?"

"मला दे ते टोक. हिच्या हातातून रक्त येतंय."

धाकटीने मावशीकडे बघितलं. मावशीने मान हलवली. धाकटी इतक्या घाईने बाजूला झाली, की पाळकाचा विचार बदलायच्या आत निसटावं असं तिला वाटत असणार.

तो काही मदतीचा निघाला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पहिली चादर त्याने पिळली ती मावशी ज्या बाजूला पिळत होती त्याच बाजूला; चादर नुसतीच गोल गोल फिरली. दुसरी हातातून सुटून जमिनीवर पडली आणि परत धुवावी लागली. बॉयलरवाला लांबून बघत होता. "हा नवीन माणूस टिकायचा नाही!" तो ओरडला. "पाळक आहेत ते!" धाकटी त्याच्या कानाशी ओरडली. "असतील!" तो म्हणाला. "पण टिकायचे नाहीत!"

पाळक हसला. पण ते हसू लगेच विझलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे मावशीने नीट बघितलं ते तेव्हा. डोळ्यांखाली काळं, गाल ओढलेले. आपण एकट्याच दमलोय असं तिला इतके दिवस वाटत होतं.

"जेवतोस ना वेळेवर?" तिने विचारलं.

"जेवतो." दोघांनी आणखी एक चादर पिळली. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, सहा महिने झाले. मला प्रार्थना करता येत नाही."

"दर रविवारी करतोस की."

"तोंड करतं. नळ सोडावा तसे शब्द येतात. आत काही नाही. परवा वर ताप उतरत नसलेली एक बाई होती, तिचा हात धरून मी इतकं सुंदर बोललो, की तिचा मुलगा रडला. आणि मी बोलता बोलता घड्याळ बघत होतो." त्याने चादरीचं टोक हाताभोवती गुंडाळलं. "तुला हे सांगायला नको होतं. तू माझ्यासाठी आयुष्य..."

"गप्प बस," ती म्हणाली. "ती नको, त्या ढिगातली घे. ती रक्ताची आहे, तिला थंड पाणी."

शिकलेला तो, असल्या प्रश्नांची उत्तरं देणं हे त्याचं काम. ती बराच वेळ चादर खळबळत राहिली. डाग फिका झाला, पण गेला नाही.

"मी काही इथे प्रार्थना करत नाही," शेवटी ती म्हणाली. "तुला वाटत असेल, ताई काम करता करता देवाचं नाव घेत असेल. नाही घेत. इथे श्वास घ्यायला फुरसत नसते. मी बघते ती चादर. इथे डोकं होतं, इथे पाय होते. इथे त्याने मुठीत धरून ओढलेली असते, म्हणजे फार दुखत असणार. मग मला वाटतं, आता तो माणूस दुसऱ्या कोरड्या चादरीवर असेल. परवा मी धुतलेल्या. एवढंच. एवढ्यावर माझा दिवस जातो."

पाळक थांबला होता.

"हात चालू ठेव," ती म्हणाली. "आणि एक सांगू? तू रागावशील."

"नाही रागावणार."

"प्रभूने तरी काय केलं इतकी वर्षं? बोलला, बरं केलं लोकांना, ते शेवटची तीन वर्षं. त्याआधी? रंधाच मारत होता ना? त्या वर्षांत तो काय बोलला ते कुणी लिहून ठेवलं नाही. बोललाही नसेल फारसं. कुणाचं तरी दार नीट लागायला लागलं असेल, कुणाच्या बैलाच्या मानेला जू टोचायचं थांबलं असेल. आणि तोही संध्याकाळी दमत असेलच की, माणसाचंच शरीर होतं. त्या वर्षांत तो देवाचं काम करत नव्हता असं म्हणायचं का आपण?"

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? तुझी प्रवचनं ऐकताना मधे मधे माझं लक्ष भटकतं, तेव्हा सुचतं."

पुढची चादर त्याने बरोबर बाजूला पिळली.

पाचच्या सुमाराला गाठोडी जरा थांबली. पाळकाने खिळ्यावरची पिशवी काढली, मेजाचा कपडा उलगडला आणि ज्या पिंपात वॉर्डातल्या चादरी उकळत होत्या त्याच्याकडे निघाला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी थोर ठरवल्याचा भाव होता.

"कुठे चाललास?"

"यांच्यातच टाकतो, ताई. यांच्यातच धुतला जाऊ दे. याहून पवित्र पाणी..."

"अरे वेड्या!" मावशी इतक्या जोरात ओरडली की बॉयलरवाल्यालासुद्धा ऐकू गेलं. "साथीच्या चादरींत? उद्या त्यावरची भाकर लोक तोंडात घालणार! अख्खी मंडळी वर खाटेवर आणायची आहे का तुला? आधी हात धू. कोपरापर्यंत. साबणाने. आणि ती कोपऱ्यातली स्वच्छ बादली घे."

पाळकाने निमूट हात धुतले. मग तो स्टुलावर बसला आणि त्याने तो कपडा स्वच्छ बादलीत, स्वच्छ पाण्यात, स्वतःच्या हाताने धुतला. डाग कसा चोळायचा ते मावशीने एकदा दाखवलं, पुन्हा दाखवलं नाही. धाकटीने इस्त्री करून देते म्हटलं तर त्याने तिच्या चिंध्या गुंडाळलेल्या हातांकडे बघून नको म्हटलं, आणि इस्त्रीही त्यानेच केली. ती बघवत नव्हती. मावशी पाठ करून उभी राहिली.

निघताना त्याने कोट घेतला. ओला झाला होता, वास लागला होता. "उद्या ये," तो म्हणाला. "जमलं तर."

"उद्या सकाळची पाळी धाकटी घेणार असेल तर बारापर्यंत मोकळी आहे. सकाळी बघते."

रविवारी सकाळची पाळी धाकटीने घेतली म्हणून मावशी जाऊ शकली. तिसरी रांग, भिंतीकडेची जागा. लाकडी बाक, पण टेकायला पाठ होती, आणि खिडकीतून ऊन येत होतं. पहिल्या गीतापर्यंत तिला सगळं आठवतं. दुसऱ्याच्या मधेच कुठेतरी तिची मान कलली. शेजारी बसलेल्या भावजयीने तिला कोपराने ढोसायचं मनात आणलं आणि मग स्वतःचा खांदा पुढे केला.

म्हणून त्या दिवशी काय झालं ते मावशीला नंतर भावजयीकडूनच कळलं. उपासना संपल्यावर दोघी पायऱ्यांवर उभ्या होत्या.

"प्रार्थना करायला उभे राहिले आणि बोलेचनात," भावजय सांगत होती. "मला वाटलं, चक्कर आली. मग म्हणाले, हे प्रभू, आत्ता कामावर असलेल्या, म्हणून इथे नसलेल्या लोकांसाठी. चादरी धुणारे, बॉयलर पेटवणारे, गटारं काढणारे, म्हाताऱ्यांना अंघोळ घालणारे. म्हणाले, त्यांचं काम तुझंच काम आहे असं मी वीस वर्षं इथून सांगतोय, आणि कालपर्यंत मी ते डोळ्यांनी बघितलं नव्हतं. मला क्षमा कर. बस. तेवढंच. एरवी ते कधीच अडखळत नाहीत, ताई, आज दोनदा अडखळले." तिने डोळे पुसले. "आणि तुम्ही माझ्या खांद्यावर घोरत होता."

"घोरत होते?"

"बारीक."

मावशीला कानकोंडं झालं. तेवढ्यात चिटणीस आले. त्यांना काही तरी बोलायचं होतं, पण ते नेमकं कसं बोलावं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "बाई, कपडा मिळाला. जरा सुरकुत्या होत्या."

"इस्त्री मी केली होती," मागून पाळक म्हणाला.

चिटणीसांनी त्याच्याकडे बघितलं, मग मावशीच्या हातांकडे. पिशवी भावजयीकडे होती, त्यामुळे हात उघडेच होते. "माझी आई दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायची," ते म्हणाले, आणि छत्री उचलून गेले.

बाराला पंधरा मिनिटं होती. मावशी निघाली. पाळक तिच्याबरोबर चालू लागला. रस्ता सरळच होता, पण तिचे गुडघे धरत होते म्हणून दोघं सावकाश चालली. मधे एका दुकानाच्या ओट्यावर ती बसली, तोही बसला.

"आता कसं वाटतंय तुला?" तिने विचारलं.

"फार काही वेगळं नाही," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू. हात मात्र दुखतायत."

"दुखणारच."

इस्पितळाच्या दाराशी तो म्हणाला, "मी खाली येऊ?"

"नको रे बाबा. तू पिळलेल्या चादरी अजून वाळल्या नाहीत." मग तिने विचारलं, "ती तापवाली बाई अजून आहे का?"

"आहे. चौथ्या मजल्यावर."

"मग तिच्याकडे जा. आज काही बोलू नकोस. तिच्या मुलाला तासभर झोपू दे आणि तू बस. पाणी मागितलं तर पाज. चादर ओली झाली असली तर नर्सला सांग, लगेच. वाट बघायला लावू नकोस."

तो लहानपणी मान हलवायचा तशी त्याने हलवली आणि वर जाणारा जिना धरला. ती कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरली. खाली धाकटी तिची वाट बघत होती, बोलायला आतुर. सकाळपासून नऊ गाठोडी आली होती आणि बॉयलरवाला दोनदा रुसला होता. मावशीने एप्रन बांधला, डोक्याला रुमाल घट्ट केला. दमलेली तर ती होतीच. तासाभराच्या झोपेने सव्वीस वर्षांचा शीण जात नाही. तिने सगळ्यात वरचं गाठोडं ओढलं आणि गाठ सोडायला बसली. गाठ पक्की होती, वेळ लागला.